हळदीतली उडी

परवा कारखान्याचं धुराडं पेटलं आणि आमच्या कॉलेजसमोरून यंदाच्या हंगामातला पहिला उसाचा ट्रॅक्टर गेला. मागं दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस असा रचलेला की वरच्या कांडीला ढगानं टेकावं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं दोन स्पीकर. त्या स्पीकरच्या ठोक्यानं आमच्या भागात पेरू पिकण्याआधी गळतात आणि म्हशी दुधाऐवजी थेट ताक देतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी वर्गात शिकवत होतो. ठोका खिडकीतून आत आला, आणि माझा हात आपोआप भिंतीवर गेला. तळवा सपाट, बोटं ताणलेली, श्वास बंद.

"सर, भूकंप हाय काय?" मागच्या बाकावरून आवाज आला, आणि सगळा वर्ग हसला.

हसू दे. हात काही मी लगेच काढला नाही. भिंतीची थरथर पूर्ण थांबेपर्यंत काढायचा नाही, ही त्या एका हंगामाची शिस्त. तेव्हा मी आणि पूनम अशा दोन भिंतींना हात लावून उभे असायचो, आणि आमच्या मध्ये, अंधाऱ्या खोलीत, पोलादी टेबलावर ते असायचं. लेसर.

ते आमचं नव्हतं. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेनं नवीन घेतलं आणि जुनं आम्हाला एका हंगामापुरतं वापरायला दिलं. परत कधी द्यायचं विचारलं, तर ते म्हणाले मार्चअखेर. आमच्याकडं मार्चअखेर म्हणजे कारखान्याचा पट्टा पडतो तेव्हा, शेवटचा ऊस गाळून, ऊस आत ओढणारी गव्हाण थांबते तेव्हा. साताऱ्याहून कोरेगावला येताना आमचं कॉलेज लागतं, आणि तळघरातली ती खोली पूर्वी मोडकी बाकं ठेवायची होती. बाकं बाहेर गेली, काळे पडदे आले, एसी आला. लेसर ट्रकमधून उतरवताना खाली एवढ्या गाद्या घातल्या होत्या की कोरेगावात त्या आठवड्यात लग्नाला गादी मिळाली नाही.

भाषणात पडद्यावर नाचवतात तो लाल ठिपका म्हणजे हे लेसर नव्हे. याचा उजेड सलग येत नाही, ठोक्याठोक्यानं येतो, आणि एकेक ठोका फेमटोसेकंदांत मोजायचा. एका सेकंदात जितके फेमटोसेकंद मावतात तितके नुसते सेकंद मोजायला बसलात, तर तीन कोटी वर्षं उठता येणार नाही. ही मात्र माझी थाप नाही. हिशेब करून बघा. आयुष्यभर मी बढाया मारत आलो, आणि निसर्गानं एका दमात मला गार केलं.

एवढा आखूड ठोका हवा कशाला? तर पळत्या कुत्र्याचा फोटो काढताना हात रेंगाळला की कुत्र्याच्या जागी धूर येतो, तसंच रेणूचं. त्याच्यातले अणू इतक्या झपाट्यानं जागा बदलतात की साध्या उजेडाला नुसता धूर दिसतो. म्हणून दोन ठोके सोडायचे. पहिला रेणूला डिवचतो, दुसरा त्याचा फोटो काढतो. दुसऱ्याला उशीर करायचा तर त्याला लांबच्या वाटेनं पाठवायचं. वाटेवरचा आरसा केसाच्या जाडीएवढा मागं घेतला तरी शेकडो फेमटोसेकंदांचा उशीर होतो. असे थोड्याथोड्या उशिराचे फोटो ओळीनं लावले की रेणूनं काय केलं ते दिसतं. इलेक्ट्रॉन याहूनही चपळ. त्यांच्यासाठी आणखी आखूड ठोके पाडणारी माणसं जगात आहेत. आम्ही आमच्या ऐपतीनं अणूच्या मागं लागलो होतो, तोही सगळ्यात हलका, हायड्रोजन.

आणि सावज होतं हळद. मी माधवनगरचा. माझ्या लहानपणी सांगलीच्या बाजाराकडून वारा आला की वाळत घातलेलं धोतर पिवळं व्हायचं आणि लोक विचारायचे, लग्न कुणाचं? हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, पण उन्हात टाकला की मुकाट उडून जातो, हे आपल्याकडं घराघरात ठाऊक आहे. हळदीच्या पिवळ्या रेणूत दोन ऑक्सिजनच्या मध्ये एक हायड्रोजन बसलेला असतो. उजेडाचा तडाखा बसला की तो एकाकडून दुसऱ्याकडं उडी मारतो, असं जाणकार सांगतात. उन्हापुढं हळदीचं काय होतं, त्या कहाणीतलं हे अगदी पहिलं पान. ती उडी आम्हाला बघायची होती.

आम्हाला म्हणजे पूनमला. पूनम माझी संशोधक विद्यार्थिनी. कवठे महांकाळच्या पलीकडं, पाऊस ज्या गावाचा पत्ता विसरतो तिथली. तिचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणच्या तोंडापर्यंत चालत जायचे. वडील, आबा, थोडी मेंढरं आणि थोडी द्राक्षं असं दोन्ही करतात. त्या घरात एक वाटणी फार पूर्वी झाली असावी: सगळं बोलणं थोरल्या चुलत्याच्या, म्हणजे तात्यांच्या वाट्याला गेलं आणि गप्प बसणं आबांच्या. तात्या सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. साधा चहा मागितला तरी पलटणीला हुकूम दिल्यासारखा मागायचे. पूनमच्या शिष्यवृत्तीचं ते शेवटचं वर्ष होतं. उडी दिसली तर तिचा प्रबंध उभा राहणार होता. नाही दिसली तर लेसर जाणार, शिष्यवृत्ती संपणार, आणि एवढी वर्षं शिकून काय केलंस या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर असणार नव्हतं.

त्या खोलीत शिरताना अंगठी, घड्याळ, बांगडी बाहेर ठेवायची. चकाकणाऱ्या वस्तूवरून किरण उडाला तर डोळा जातो. गॉगल चढवायचा, पडदा ओढायचा, मग घरघर ऐकत बसायचं. किरण एका इवल्या स्फटिकावर गोळा केला की दुसऱ्या बाजूनं पांढरा उजेड फुटायचा आणि भिंतीवर सातही रंग पसरायचे. कितीही वेळा पाहिलं तरी पूनम "आई गं" म्हणायचीच. जांभळा किरण हळदीच्या कुपीत शिरला की आतून पोपटी उजेड यायचा, एखाद्या काजव्याला बाटलीत धरल्यासारखा.

पण रंग बघायला सवड होती कुणाला? बाहेर हंगाम पेटलेला. वाऱ्यावर मळीचा आंबूस वास. शेतात पाचट जाळलं की काळी राख उडत यायची आणि कुठून कुठून आत शिरायची. एकदा तीळभर राख आरशावर बसली. किरण तिच्यावर पडला, टिच्च आवाज झाला, आणि आरशाला कायमचा डाग. त्या दिवसापासून पूनमनं फटीफटीत ओली फडकी कोंबली. आणि ट्रॅक्टर! एक गेला की संगणकावरची मोजणीची रेघ थरथरायची, ती शांत होतेय तोवर दुसरा. आम्ही भिंतीला हात लावून उभे. गेला? नाही अजून. आता? थांब. आता. मग धावत मोजणी. मग पुन्हा ठोका.

एकदा मी रस्त्यावर जाऊन हात आडवा करून उभाच राहिलो. ट्रॅक्टर कचकन थांबला.

"काय झालं वो सर?" ड्रायव्हर वरून ओरडला.

"गड्या, तेवढं गाणं बंद कर की. आत लय नाजूक काम चाललंय. एक हायड्रोजन धरायचाय."

"कुणाचा सुटलाय?"

"हळदीचा."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग गाणं बंद केलं. "वळणापतूर बंद ठेवतो. घावला म्हंजी सांगा, रिकामी ट्रॉली हाय, घिऊन जाऊ."

आणि एका दुपारी तो घावला. आरसा सरकत होता, पडद्यावर रेघ सपाट येत होती, सपाट, सपाट, आणि दोन्ही ठोके एकत्र पोचण्याच्या क्षणाला ती ताडकन उभी राहिली. मग दोन हेलकावे. मग संथ उतार. पूनमनं माझा दंड असा धरला की तिथं अजून पाच बोटं आहेत. हळद अल्कोहोलात विरघळवलेली, म्हणून नुसत्या अल्कोहोलची रेघ आम्ही आधी घेऊन ठेवली होती. तिच्यात नावापुरता उंचवटा होता. ती वजा केली, तरी टोक उभंच, हेलकावे तसेच.

"सर," ती कुजबुजली, जणू मोठ्यानं बोललं तर ते पळून जाईल, "उडी."

तिनं घरी फोन केला. फोन तात्यांनी उचलला, तिथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी कवठे महांकाळच्या चौकात फ्लेक्स! गॉगल घातलेली पूनम, मागं कडाडणारी वीज, विजेत गरुड, खाली शुभेच्छुकांचे एवढे चेहरे की मतदारयादीही लाजावी. वर ठळक अक्षरांत: इलेक्ट्रॉन पकडणारी आपल्या मातीतली लेक. बाजूला सत्काराचा दिवस, लेसर परत जाण्याच्या दुसऱ्याच दिवसाचा. पूनमनं फोटो पाहिला आणि तिथल्या तिथं फोन लावला.

"आवं तात्या, इलेक्ट्रॉन न्हवं, हायड्रोजन हाय त्यो!"

"आगं, हायड्रोजनला कोण वळखतंय हितं? इलेक्ट्रॉन कसा, भारदस्त वाटतोय. तू ये तर. हलगी सांगितलीया."

आमच्याकडं निवडणुकीचा गुलालसुद्धा मोजणीच्या आदल्या दिवशी उधळतात. ही घाई रक्तातच आहे. मला तेव्हा तिचं हसू आलं. पूनमला आलं नाही.

बघता बघता लेसरचा शेवटचा दिवस आला; ते नेणारा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. पूनम बेसिनपाशी कुप्या धूत होती. आमच्या कुप्या दोन. एक हळदीची, एक नुसत्या अल्कोहोलची. असं ठरवलं कुणी? कुणीच नाही. हळदीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. माझी माधवनगरची मावशी हळद उकडायच्या दिवसांत हळदीचं भांडं परसात वेगळं टांगायची, आणि चुकून कुणी त्यात दूध ओतलं तर गल्ली गोळा होईल असं ओरडायची. पूनमच्या घरीही तेच. त्यामुळं इथंही, काही न बोलता, एक कुपी हळदीची झाली आणि दुसरी कोरी राहिली. तिच्या तोंडालाही आम्ही पिवळं बोट लावलं नाही.

पूनमनं दोन्ही कुप्या खिडकीकडं धरल्या. नळ वाहत होता. तिनं तो बंद केला नाही.

"सर, ह्या दोघींची काच सारखी न्हाई."

मी जवळ गेलो. हळदीच्या कुपीची काच जाड होती. कोरीची पातळ.

दोन्ही ठोके एकदम पोचतात तेव्हा नुसती काचही क्षणभर दचकते. तिचीही रेघ उठते, तिलाही हेलकावे येतात. काच जाड तर दचकणं मोठं. म्हणून तर कोरी मोजणी घ्यायची आणि ती वजा करायची. पण आम्ही ती घेतली पातळ काचेत आणि वजा केली जाड काचेतून. मग जे उरलं ते हळदीचं, की काचेचं? जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत एकाच कुपीत आधी हे, मग ते मोजतात. हळदीचं भांडं वेगळं ठेवायचं, हे जगात फक्त आम्हाला सुचलं.

"जाड काचेत नुसतं अल्कोहोल घालून बघायला पायजे," पूनम म्हणाली. "आजच."

पण जाड कुपी पिवळी झाली होती. धुतली, पुन्हा धुतली. कोपऱ्यातली पिवळी कड हलेना. थेंबभर हळद राहिली तरी नंतर कुणीही म्हणणार, ही रेघ त्या थेंबाची. शेवटी पूनम ती कुपी घेऊन गच्चीवर गेली आणि कठड्यावर उन्हात ठेवली.

मार्चचं ऊन. गच्ची तव्यासारखी. आम्ही टाकीच्या सावलीत बसून त्या कुपीकडं बघत होतो. खाली ट्रॅक्टर जात होते, राख तरंगत होती. ज्या उन्हाची करणी एवढे महिने काळ्या खोलीत शोधली, तेच ऊन समोर आपलं काम करत होतं. सावकाश, कुणाला न विचारता. पिवळी कड फिकी होत गेली. मी गप्प होतो. मला गप्प बसता येतं, हे त्या दिवशी मला कळलं. अध्येमध्ये पूनमचा फोन वाजायचा. तात्या. शाल कुठल्या रंगाची आणू? फेटा बांधशील का? ती म्हणायची, "तुमी ठरवा." आणि डोळे कुपीवर.

कड गेली. आम्ही खाली उतरलो. कुपीत स्वच्छ अल्कोहोल, हळदीचा गंधही नाही. पडदा ओढला. दोघांचे हात भिंतीला. ट्रॅक्टर. थांब. आणखी एक. थांब. आता.

आरसा सरकायला लागला. रेघ सपाट. सपाट. मी मनात काय नाही कबूल केलं त्या क्षणी! जोतिबाला गुलालाची अख्खी गाडी कबूल केली. रेघ सपाट राहू दे, म्हणजे उडी हळदीचीच ठरेल, एवढंच.

रेघ ताडकन उभी राहिली. तेच टोक. तेच दोन हेलकावे.

पूनमनं गॉगल काढला नाही. बराच वेळ. मग तिनं वजाबाकी केली, आता खऱ्या काचेची. टोक गेलं, हेलकावे गेले, मागं उरला तो नुसता संथ उतार. उडी नव्हतीच असं नाही. कदाचित ती आमच्या ठोक्यांपेक्षा चपळ होती, काचेच्या दचकण्याखालीच होऊन गेली. पण पाहिली म्हणावं असं तिथं काही नव्हतं.

तिचा प्रबंध पुढं झाला. उशिरा झाला, दुसऱ्यांच्या दारात लेसरसाठी रांग लावून झाला, आणि उडीवर नाही, त्या संथ उतारावर झाला. पण ते पुढचं. ट्रक गाद्यांवर लेसर चढवून निघून गेला तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं, आणि कवठे महांकाळच्या चौकात गरुड होता.

सत्काराला मी बरोबर गेलो. सांगली मागं पडली तशी रस्त्याकडेची हिरवळ विरळ झाली आणि पूनमचं बोलणंही. गावाच्या वेशीवर तात्या उभे. कडक इस्त्री, पीळदार मिशी, मागं हलगीवाले. पूनमनं त्यांना बाजूला घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तात्यांचा चेहरा उन्हातल्या डागासारखा फिका झाला.

"म्हंजे, काय घावलंच न्हाई?"

"न्हाई, तात्या."

त्यांनी हलगीवाल्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग आवाज उतरवला. तात्यांचा उतरलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "हे बघ पोरी. हितं कुणाला काय कळतंय? शाल घ्यायची, हात जोडायचं, खाली बसायचं. पुढं घावंल तवा घावंल. पावणंरावळं आल्यात. माझी मान खाली घालू नगंस."

हलगी कडाडली आणि आम्ही मांडवात ढकलले गेलो.

खरं सांगतो, तात्यांचं म्हणणं चुकीचं कुठं होतं? त्या मांडवात फेमटोसेकंद तपासायला कोण येणार होतं? माझ्यासारखा माणूस असता तर उडी मारणाऱ्या हायड्रोजनच्या मिशासुद्धा रंगवून सांगितल्या असत्या. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. माइक पुढं आला. पूनमनं तो धरला आणि मांडवभर नजर फिरवली. पुढच्या रांगेत तात्या. त्यांची नजर तिच्यावर खिळलेली. अगदी मागं, खांबाला टेकून, आबा.

"मी उडी बघितली म्हणून हा सत्कार हाय," ती म्हणाली. "पण मी बघितली न्हाई. मला वाटलं हळद दिसली. ती काच होती. माझीच चूक झाली, परवा ध्यानात आली. शाल मी घेतली ती तुमचा मान राखाया, उडीसाठी न्हाई घेतली, एवढं सांगते."

मांडवात असं शांत झालं की माश्यासुद्धा हळू उडायला लागल्या. तात्या जमिनीकडं बघत होते. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणली गं?" टाळी वाजली नाही, कुणी हसलंही नाही.

मग मागून आबा पुढं आले. आयुष्यभर वाटणीत गप्प बसणं आलेला माणूस. ते माइकपाशी गेले नाहीत. तात्यांपाशी थांबले.

"दादा," ते म्हणाले, "पंगत बसवा. एवढं खरं बोलली, भुकेजली आसंल पोरगी."

तात्यांनी मान वर केली. क्षणभर भावाकडं पाहिलं. मग उठले, घसा खाकरला आणि पलटणीला द्यावा तसा हुकूम सोडला, "आरं, बघताय काय? पत्रावळ्या मांडा!"

पूनम पहिल्या पंगतीला बसली. आबांनी स्वतः वाढलं. त्या दिवशी तिनं किती भाकरी खाल्ल्या ते मी मोजलं होतं. पण सांगितलं तर तुम्ही म्हणाल, सरांची पुन्हा थाप. म्हणून राहू दे.